विचारातील चूक की मेसमधली?

प्रश्न (महाविद्यालयीन समुपदेशक, पुणे):
अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी समुपदेशनाच्या चार सत्रांपासून माझ्याकडे येत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रवेश परीक्षेतला क्रमांक विचारून खोलीतली मुले आपली जात काढतात आणि मेसमध्ये आपण बसलो की टेबल रिकामे होते, असे तो सांगतो. शिकल्याप्रमाणे मी त्याला विचारांची नोंदवही दिली, म्हणजे त्रासदायक विचार लिहून त्याचा पुरावा आणि त्यातली चूक तपासण्याचे पान. 'सगळे मला टाळतात' या विचारापुढील 'पुरावा' या रकान्यात त्याने तारीख-वारासह पाच प्रसंग लिहून आणले आणि 'विचारातील चूक' हा रकाना कोरा ठेवला. मी सवर्ण आहे, हे माझ्या आडनावावरून त्याला ठाऊक आहेच. जातीचा विषय मी काढावा का, की तसे केल्याने समुपदेशनात राजकारण शिरेल?

उत्तर १ :
विषय त्याने केव्हाच काढला आहे. पाच प्रसंग वाचूनही आपण 'दुसरा काही अर्थ असू शकेल का?' असे विचारत राहिलो, तर मेसमधल्या मुलांचे उरलेले काम आपणच पुरे करतो. मी स्वतः बौद्ध कुटुंबातून आलो असल्याने हा प्रश्न मला खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी परिचित आहे. 'माझे आडनाव ऐकून इथे बोलणे अवघड वाटले का?' एवढे सरळ विचारावे, आणि उत्तर 'हो' आले तर स्वतःचा बचाव करू नये.

उत्तर २ :
तत्त्वतः मान्य, पण घाई नको. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला मी दुसऱ्याच सत्रात जातीविषयी विचारले आणि ती पुन्हा आली नाही. तिला झोपेविषयी बोलायचे होते. तिची ओळख मीच परस्पर ठरवून टाकली होती.

उत्तर ३ :
राजकारणाची भीती बाळगणाऱ्यांनी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम १८ वाचावे. जात, वर्ग, धर्म, लिंग अशा कोणत्याही आधारावर भेदभाव न होता सेवा मिळणे हा त्यात हक्क आहे. शिवाय उच्च शिक्षण संस्थांत भेदभावविरोधी अधिकारी असावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमावलीने सांगितले होते. तक्रार करायची की नाही, हे मात्र त्या विद्यार्थ्यानेच ठरवावे. गोपनीयता त्याची आहे, आपली नव्हे.

मूळ प्रश्नकर्ती :
आज त्याला सांगितले की हे पान मी चुकीच्या हेतूने भरायला दिले होते. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "मॅडम, तक्रारीला याची झेरॉक्स जोडली तर चालेल का?"