हर्ट्‌झ नव्हे, हवा नडली

हर्ट्‌झ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाला कॅथोड किरण (हवा उपसलेल्या काचेच्या नळीत ऋण टोकापासून निघणारे किरण) विद्युतक्षेत्रात वळलेले दिसले नाहीत, म्हणजे १८८३चा तो प्रयोगच ढिसाळ होता, असं म्हटलं जातं. पटलं नाही. चुंबकाने किरण वळतात हे त्यालाही माहीत होतं. घोळ नळीत उरलेल्या हवेचा. किरणांच्या माऱ्याने ती हवा वीजवाहक होते आणि दोन विद्युतभारित पट्ट्यांमधलं विद्युतक्षेत्र जवळपास पुसून टाकते. मग किरण सरळच जाणार! १८९७मध्ये हाच प्रयोग करणाऱ्या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसनलाही आधी काहीच दिसलं नव्हतं. हवा आणखी उपसल्यावर मात्र अवघ्या २ व्होल्टलाही किरण वळले.

थॉमसनला त्या काचेच्या नळ्या फुंकून देणाऱ्या त्याच्या मदतनिसाचं, एबेनेझर एव्हरेटचं, नावही घ्यायलाच हवं. कारण थॉमसनचा स्वतःचा हात उपकरणांच्या बाबतीत भलताच धसमुसळा होता.