फ्रिजवरचा गोंद पेट्रोलने काढला तर चालेल का?

चाळकरी_गिरगाव:
नमस्कार मंडळी, गणपती तोंडावर आलेत म्हणून घर आवरायला काढलंय. फ्रिजच्या दारावर मुलीने लावलेले स्टिकर निघाले पण गोंद तसाच राहिलाय, त्यावर धूळ बसून काळे चौकोन दिसतात. एक्झॉस्ट फॅनची पातीपण पार मेणचट झालीत. मेहुणा म्हणतो बाइकमधलं पेट्रोल फडक्यावर घे, दोन मिनिटात साफ, आणि हार्डवेअरवाला म्हणतो थिनर न्या. फ्रिज ओट्याला लागूनच आहे, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद. फ्रिज बंद करून पुसलं तर चालेल ना?

फ्रिजमेकॅनिक_परळ:
दादा, पेट्रोल घरात आणूच नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीवर पसरते आणि फ्रिजच्या खाली जाऊन बसते, आणि कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे तो चालू करणारा स्विच, नेमका तिथेच मागे खाली असतो. तुम्ही टक् असा आवाज ऐकला असेल, त्यात बारीकशी ठिणगी असते. बटण दाबतानाही ठिणगी पडते, म्हणजे वास भरल्यावर फ्रिज बंद करायला जाल तर तेच अंगाशी येईल. एक्झॉस्टपण लावायचा नाही, खिडकी उघडायची आणि बाहेर पडायचं. आणि थिनरचं म्हणाल तर, आतल्या पांढऱ्या प्लॅस्टिकला लागला की ते मऊ पडून तडकतं, दाराचा रंगही जातो. मागच्या स्टिकरवर आर-६००ए लिहिलं असेल तर आतला गॅससुद्धा पेट घेणारा आहे, मागच्या नळ्यांजवळ सुरी वगैरे घेऊन खरवडू नका.

अनुराधा_मुलुंड:
मी सांगते काय झालं होतं ते. सासरे शिलाई मशीनचे पार्ट वाटीभर पेट्रोलमध्ये धूत बसले होते, स्वयंपाकघराच्या दारात. तिन्हीसांजेला मी देवापुढे समई लावली, देव्हारा त्यांच्यापासून चांगला सहा-सात फूट लांब. काडी ओढली आणि जमिनीवरून भप्पकन जाळ त्यांच्या वाटीपर्यंत गेला, म्हणजे वाटीकडून माझ्याकडे नाही, माझ्याकडून वाटीकडे! ह्यांनी परात उपडी टाकली म्हणून विझलं. मी पाण्याची कळशी उचलली होती, ती ओतली असती तर पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत घरभर गेलं असतं. सासऱ्यांचा हात वीस मिनिटं नळाखाली धरला मग डॉक्टरकडे नेलं. मला अजून काडी ओढताना आधी वास घ्यायची सवय आहे.

रसायनवाली_टीचर:
पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या आसपासही पेट घेऊ शकते, आयसोप्रोपिल अल्कोहोलची (इलेक्ट्रॉनिक वस्तू पुसायला वापरतात ते स्पिरिट) साधारण १२ अंशापासून, म्हणजे मुंबईतल्या खोलीत दोन्ही कायम तयारच असतात. रॉकेल त्यामानाने ३५-४० अंशाला, म्हणून जुने लोक म्हणतात रॉकेलने काही होत नाही, पण फडक्यात भिजलेलं रॉकेल वातीसारखं पेटतं. आयसोप्रोपिल रिमोटच्या सेलच्या टोकांना वगैरे ठीक आहे, सेल काढून, कापसाच्या काडीवर दोन थेंब, बाटली लगेच बंद, आणि पूर्ण वाळल्यावरच सेल घालायचे. गॅस चालू असताना तेही नाही. गोंदाला खोबरेल तेल लावून बघा ना.

चाळकरी_गिरगाव:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून बायकोने आधी आमच्या देव्हाऱ्याकडे बघितलं, तो फ्रिजवरच आहे. खोबरेल लावून अर्धा तास ठेवलं, मग जुन्या एटीएम कार्डाने अलगद खरवडलं, गोंदाच्या सुरळ्या होऊन निघाल्या, मग भांडी घासायच्या लिक्विडने तेलकटपणा पुसला. फॅनचा प्लग काढून फक्त पाती सोडवली आणि खाण्याचा सोडा नि तेच लिक्विड घालून गरम पाण्यात बुडवून ठेवली, मोटरला कोरडं फडकं. आता एकच, मेहुण्याने पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणून ठेवलंय, मोरीत ओतू का?

फ्रिजमेकॅनिक_परळ:
अजिबात नाही, वाफ गटारात साठते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मोरीतून वर येते. आत्ताच खाली न्या, गाडी थंड असताना परत टाकीत ओता, आणि ती बाटली पुन्हा पाण्याला वापरू नका.