मदत हवी आहे: झेडपी शाळेतल्या दिव्यांग मुलीसाठीचा निधी कोण ठरवतं, मागायचा कुणाला?

तेरणाकाठची
नमस्कार. शनिवारी शाळेत बैठक आहे, त्याआधी उत्तर पाहिजे. मुलीला शिकवायला विशेष शिक्षक यायला पाहिजेत, ते येत नाहीत. मुख्याध्यापक म्हणतात, ते आमच्या हातात नाही, पंचायत समितीतून येतात. पंचायत समितीत गेलं की म्हणतात, माणसं कमी आहेत, जिल्ह्याला विचारा. जिल्ह्याला जायचं म्हणजे माझा रोज बुडतो. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, अशा प्रत्येक लेकरामागं सरकार वर्षाला ३,५०० रुपये देतं. मग ते पैसे कुठं जायलेत? हे बजेट कोण ठरवतं आणि अर्ज कुणाच्या नावानं लिहायचा? नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा. चौकशी करा असं सांगू नका, तेच करत आलेय.

काळी_माती
ताई, मुलीला त्रास काय आहे ते लिहिलंच नाही. ऐकण्याचा, नजरेचा की चालण्याचा? कितवीत आहे? प्रमाणपत्र काढलंय का? आणि जिल्हा कोणता?

हक्काचं_बोला
सरळ माहितीचा अधिकार टाका. दहा रुपये फी, ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. मी आमच्या गावच्या नळयोजनेचा हिशेब असाच बाहेर काढला. अर्जाशिवाय हे लोक हालत नाहीत.

काळी_माती
दादा, शनिवारी बैठक आहे त्यांची. ३० दिवस कुठून आणायचे?

हक्काचं_बोला
बैठकीत नुसतं बोलून काही होत नाही. कागद लागतो. माझा अनुभव सांगितला.

तेरणाकाठची
सगळे उलट प्रश्नच विचारायलेत. बरं, सांगते. तिसरीत आहे. सेरेब्रल पाल्सी आहे, जन्मापासून. धरून चालते, बोलणं अडखळतं पण समजतं सगळं, पाढे तोंडपाठ आहेत. पेन्सिल धरता येत नाही नीट. प्रमाणपत्र आहे, स्वावलंबन कार्डही आलंय. जिल्ह्याचं नाव देत नाही, शाळेतल्या सरांना त्रास नको. लातूर बोर्डात येतो एवढं समजा.

मन्याड
लातूर बोर्ड म्हणालात म्हणून सांगतो. दहावीला अशा मुलांना लेखनिक मिळतो आणि पेपरला तासामागं २० मिनिटं जास्त मिळतात. अर्ज शाळेमार्फत वेळेत जायला पाहिजे. माझ्या पुतण्याला लेखनिक मिळाला, त्याचा फार फायदा झाला. एसटीतही ७५ टक्के सवलत आहे, ती घेत असालच.

तेरणाकाठची
ती तिसरीत आहे हो.

सायलेन्स_बाबा
ताई, मनापासून सांगतो, विशेष शाळेत टाका. माझा मुलगा कर्णबधिर आहे. गावच्या शाळेत चार वर्षं मागच्या बाकावर बसून होता. निवासी विशेष शाळेत गेला आणि दोन वर्षांत वाचायला लागला. तिथं सगळे शिक्षक प्रशिक्षित असतात, कुणाची वाट बघावी लागत नाही. लेकराला लांब ठेवताना जीव तुटतो, पण त्याचं भलं त्यातच असतं.

संसाधन_कक्ष
मी दुसऱ्या जिल्ह्यात विशेष शिक्षक म्हणून काम करतो. बाबा, तुमच्या मुलाला सांकेतिक भाषा आणि त्याच भाषेतले सवंगडी मिळाले, म्हणून ती शाळा त्याला मानवली. या मुलीला समजतंय, पाढे येतायत, गावातल्या मैत्रिणी आहेत. तिला वसतिगृहात ठेवायची गरज काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड घरच्यांची. शिवाय विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडं येतात. त्यांचं अनुदान वेगळं, त्यांचा साहेब वेगळा. ताईंचा प्रश्न शिक्षण विभागाच्या पैशाचा आहे.

आता मूळ प्रश्न. शाळेकडं दिव्यांग मुलांसाठी स्वतःची तिजोरी नसते. पैसा येतो समग्र शिक्षा योजनेतून. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिकची योजना एकत्र करून ती सुरू झाली. केंद्राचा वाटा ६०, राज्याचा ४०. दर वर्षी वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक बनतं. शाळेनं यू-डायसवर, म्हणजे शाळा आणि मुलांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत, भरलेली माहिती हा त्याचा पाया. त्यावरून तालुक्याचा आकडा निघतो, त्यावर जिल्ह्याचा आराखडा, तो मुंबईला महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडं जातो, तिथून दिल्लीत शिक्षण मंत्रालयाच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढं. तिथं बाबनिहाय मंजुरी मिळते आणि मग पैसा तसाच खाली उतरतो.

ते ३,५०० रुपये म्हणजे आराखडा करताना एका मुलामागं धरायचा वर्षाचा दर आहे. मुलीच्या हातात तेवढी रोकड येत नाही. त्या दरानं जी रक्कम बसते तिच्यातून साहित्य, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मोठ्या अक्षरांची आणि ब्रेल पुस्तकं, थेरपी अशा बाबी मागितल्या जातात. विशेष शिक्षकांचं मानधन त्याच योजनेत, पण वेगळ्या शीर्षाखाली. मुलींसाठी महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे, दहा महिन्यांचा, तो खात्यावर येतो. तो येतो का तुमच्या मुलीला?

तेरणाकाठची
नाही. कधीच नाही आला. असा काही भत्ता असतो हेच कुणी सांगितलं नाही.

संसाधन_कक्ष
मग उद्या सकाळी पहिलं काम हे करा. वर्गशिक्षकांना यू-डायसमधलं मुलीचं पान उघडायला सांगा. विशेष गरजा असलेलं मूल आहे का, असा रकाना असतो. त्याखाली दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी. तिथं काय लिहिलंय ते इथं कळवा. बाकी सगळं त्यानंतर.

ब्रेलपाटी
मी स्वतः अंध आहे, सर्वसाधारण शाळेतून शिकलो. विशेष शाळा वाईट असं मी म्हणणार नाही, पण कुणी घाईनं पोरीला तिकडं पाठवा म्हणू नका. आमच्या शाळेत फिरते शिक्षक महिन्यातून थोडेच दिवस यायचे. त्या दिवसांत त्यांनी माझ्या वर्गशिक्षकांना पाटीवर ठिपके कसे टोचतात ते शिकवलं. माझं शिक्षण खरं तर वर्गशिक्षकांनी केलं. ताई, विशेष शिक्षक आले तर त्यांना मुलीसोबत वर्गाच्या बाहेर बसवू नका, सरांच्या शेजारी बसवा.

सायलेन्स_बाबा
घाईनं नाही म्हणालो मी. चार वर्षं बघून म्हणालो.

निवृत्त_मुख्याध्यापक
तीन दशकं जिल्हा परिषदेत काढली, म्हणून लिहितो. इथं सगळ्यांचा रोख शाळेवर दिसतोय. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, पोषण आहाराची नोंद, आधार जुळवणी, निवडणुकीची कामं, आणि वर यू-डायसचे रकाने. नेटवर्क रात्री दहानंतर मिळतं. त्यातून एखादा रकाना राहतो. आणि संसाधन_कक्ष, मूल नोंदलं की शिक्षक येतो असं तुम्ही सुचवता, ते खरं नाही. नोंद असलेल्या कित्येक शाळांत माणूस पोचत नाही. एका शिक्षकाकडं किती गावं असतात ते तुम्हीच सांगा.

संसाधन_कक्ष
गुरुजी, गावांबद्दल तुमचं बरोबर आहे. आम्ही गटसाधन केंद्रावर, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रावर, असतो आणि तालुकाभर फिरतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे यांच्या याचिकेत प्रमाण सांगितलंय, प्राथमिकला १० मुलांमागं एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना १५ मागं एक. आपल्या राज्यात २०२४ मध्ये प्रत्येक केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक याप्रमाणं ४,८६० पदांचा निर्णय झाला. पण ही पदं भरायची, वाटायची, ती कशावर? मुलांच्या आकड्यावरच ना? ज्या केंद्रात कागदावर दोनच मुलं दिसतात तिथली मागणी कोण ऐकणार? रकाना राहिला तर शिक्षकाला फाशी द्या असं मी म्हणत नाही. पण त्या रकान्यामुळं एका लेकराचं वर्ष जातं, एवढं तरी मानाल की नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक
मानतो. पण ३० सप्टेंबर ही माहितीची संदर्भ तारीख आहे. ती उलटली असेल तर ताईंना पुढच्या वर्षापर्यंत थांबणं भाग आहे. खोटी आशा दाखवू नका.

संसाधन_कक्ष
भत्त्याला थांबावं लागेल कदाचित. शिक्षकाच्या भेटीला आणि साधनांसाठी मापं घेतात त्या मोजमाप शिबिराला थांबायचं कारण नाही. त्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं लेखी अर्ज आणि प्रमाणपत्राची प्रत पुरते. मी स्वतः अशा अर्जावर गावात गेलोय.

उचल_घेतलेला
थोडं वेगळं लिहितो, कारण आमच्याकडं हे रोजचं आहे. बीड जिल्ह्यातला आहे. दिवाळी झाली की गावं रिकामी होतात, कोयता घेऊन कारखान्यावर. माझ्या भावाचा मुलगा पायानं अधू आहे. नाव पटावर आहे, यू-डायसमध्येही असेल. पण तालुक्याला शिबिर लागतं तेव्हा पोरगं फडावर असतं. हंगामी वसतिगृहात ठेवावं तर कॅलिपर बांधून द्यायला, संडासला न्यायला तिथं माणूस नसतो, म्हणून भाऊ त्याला सोबत नेतो. आराखडा करणाऱ्यांनी शिबिरं ऑगस्टमध्ये लावली तर ऊसतोड कामगारांची किती लेकरं सापडतील! हे कुणाला सांगायचं?

काळी_माती
भाऊ, हे फार महत्त्वाचं आहे, वेगळा धागा काढा. जिल्हा समन्वयक, समावेशित शिक्षण, यांच्याकडं ही मागणी जायला पाहिजे.

उचल_घेतलेला
धागा काढतो. पण विषय एकच आहे. मोजायच्या दिवशी लेकरू दिसलं नाही तर त्याला काहीच मिळत नाही.

तेरणाकाठची
सरांनी आज मोबाईलवर पान उघडून दाखवलं. विशेष गरजा: नाही. प्रमाणपत्राची झेरॉक्स मी पहिलीलाच दिली होती. तेव्हाच्या मुख्याध्यापकांची बदली झाली. फाईलमध्ये झेरॉक्स आहे, कपाटातच आहे! रकान्यात मात्र नाही. नवीन सर चांगले आहेत, त्यांना वाईट वाटलं. मला रडू आलं ते वेगळंच. आता बैठकीत काय मागू ते नेमकं सांगा. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, पालक सदस्य.

निवृत्त_मुख्याध्यापक
समितीत आहात हे आधी सांगायला हवं होतं ताई. मग तुमचं काम सोपं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नं शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख हे समितीचंच काम आहे, आणि कलम २२ नं शाळा विकास आराखडा समितीनंच करायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी गुरुजी एकटे लिहितात आणि सह्या घेतात. या वेळी तुम्ही त्यात मुलीचं नाव घाला. ठराव असा लिहा, जसाच्या तसा उतरवून घ्या:

"शाळेतील इयत्ता तिसरीच्या विद्यार्थिनीस दिव्यांगत्व प्रमाणपत्र असून तिची नोंद यू-डायस प्रणालीत विशेष गरजा असलेली विद्यार्थिनी म्हणून करण्यात यावी. विशेष शिक्षकांच्या नियमित भेटी, बसण्यासाठी योग्य खुर्ची, मदतनीस भत्ता व मुलींचा प्रोत्साहन भत्ता यांची मागणी शाळा विकास आराखड्यात समाविष्ट करून गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे पाठविण्यात यावी."

सूचक, अनुमोदक, सगळ्यांच्या सह्या. मुख्याध्यापकांनी पत्रासोबत ठरावाची प्रत जोडावी आणि आवक शिक्का मारलेली पोच तुमच्याकडं ठेवावी.

हक्काचं_बोला
हेच म्हणत होतो मी. कागद. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर त्या पोच क्रमांकावर माहिती अर्ज टाका, की आमच्या पत्रावर काय कार्यवाही झाली. आता अर्जाला धार येईल.

काळी_माती
हे मात्र पटलं.

संसाधन_कक्ष
गुरुजींचा ठराव उत्तम आहे. खुर्चीला आम्ही सी. पी. चेअर म्हणतो, तोच शब्द घाला. ती कानपूरच्या अलिम्कोकडून, म्हणजे दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीकडून येते, आधी मोजमाप शिबिर होतं, मग वाटप शिबिर. त्यात खर्चाचा एक वाटा समग्र शिक्षेचा असतो. मुलीचं मोजमाप कधी झालंय का?

आणि पेन्सिलीचं वेगळं सांगतो. त्याला आराखडा लागत नाही. पेन्सिलीला जाड फोम किंवा सुती कापड गुंडाळा, वही टेबलाला चिकटपट्टीनं पक्की करा. तोंडी उत्तरं घ्यायला सरांना सांगा. पाढे येतायत तर ते लिहूनच का दाखवायचे?

मन्याड
ग्रामपंचायतीकडं स्वउत्पन्नाचा ५ टक्के दिव्यांग निधी असतो. रॅम्पला, शौचालयाच्या दांडीला ग्रामसेवकांना विचारा. दिल्लीची वाट बघायला नको.

तेरणाकाठची
मन्याड दादा, हे कामाचं सांगितलंत. शौचालयाला दांडी नाही म्हणून ती शाळेत पाणीच पीत नाही.

मोजमाप मागच्या वर्षी झालं होतं, तालुक्याला. उंची, पाय, कंबर, सगळं लिहून घेतलं. एक चिठ्ठी दिली होती, घरी शोधते.

तेरणाकाठची
शनिवारची बैठक झाली. ठराव झाला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. एक काका आधी म्हणाले, एका पोरीसाठी एवढं कशाला. मग सरांनीच सांगितलं की चौथीतल्या एका मुलालाही फळ्यावरचं दिसत नाही, त्याचंही नाव घालू. त्याच्या आईला माहीतच नव्हतं की हे मागता येतं. दोन्ही नावं गेली. सोमवारी सर स्वतः पत्र घेऊन जाणार आहेत, पोच आणणार आहेत. ग्रामसेवकांनी दांडीसाठी अर्ज मागितलाय, तोही दिला.

चिठ्ठी सापडली. त्यावर मुलीचं नाव आणि शिबिराचा शिक्का आहे, पुढं काही नाही. नोंदच नव्हती तर मोजमाप कसं घेतलं? आणि आता खुर्ची येणार की परत मोजायचं?

संसाधन_कक्ष
शिबिरात प्रमाणपत्र बघून घेतात, यू-डायस बघत नाहीत, म्हणून घेतलं असेल. चिठ्ठीची प्रत सोमवारच्या पत्राला जोडा आणि गटसाधन केंद्रात लाभार्थी यादीत नाव आहे का ते बघायला सांगा. वर्ष झालंय म्हणजे तिची उंची वाढली असेल. खुर्ची आली तरी परत मोजून घ्या, लहान पडली तर पाठ वाकते. चौथीतल्या मुलाला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्या, नुसत्या चष्म्यानंही काम होऊ शकतं.

शेवंती_जालना
धागा आजच वाचला. आमची शाळा संस्थेची आहे, अनुदानित. मुलाला स्वमग्नता आहे, दुसरीत. मुख्याध्यापक म्हणतात समग्र शिक्षा फक्त झेडपीला. खरं आहे का?

निवृत्त_मुख्याध्यापक
नाही. अनुदानित शाळेतली मुलंही त्यात येतात. यू-डायसही तेच भरतात. मुलाचं प्रमाणपत्र निघालंय का, आणि नोंदीच्या रकान्यात काय आहे ते आधी सांगा ताई.