तीन गायक, तीन वेगळी गाणी, एकाच वेळी?? मोतेत कसं ऐकायचं

लष्करकर: आम्ही ग्वाल्हेरचे, घरात लहानपणापासून ख्यालच ऐकत आलोय, परवा माशो या चौदाव्या शतकातल्या फ्रेंच संगीतकाराचं एक मोतेत (अनेक आवाज एकाच वेळी वेगवेगळे शब्द गातात तो गानप्रकार) लागलं आणि चक्रावलोच, वरचे दोघं फ्रेंचमध्ये प्रेमाचं गातायत, तेही वेगवेगळे शब्द, खाली तिसरा लॅटिनमध्ये. हे चर्चमधलं का बाहेरचं? आणि लक्ष कुणाकडे द्यायचं?

तानपुरा_७: आधी खालचा पकडा. त्याला टेनर म्हणतात, बहुतेकदा चर्चच्या जुन्या गायनातला एक तुकडा, लांब लांब सुरांत. तबला सोलोला लेहरा असतो ना, तसा आधार समजा, फक्त इथे लयीचा साचा वेगळा आणि सुरांचा वेगळा, दोघांची लांबी जुळेलच असं नाही, त्यामुळे तेच सूर पुढच्या फेरीत दुसऱ्याच लयीत येतात. मला तर हे कळल्यावर अंगावर काटा आला होता!

जुना_श्रोता: चर्च का बाहेरचं, हे इतकं वेगळं काढता येत नाही हो. माशो (मृत्यू 1377) स्वतः फ्रान्समधल्या रँस शहराच्या कॅथेड्रलमध्ये (मोठ्या चर्चमध्ये) पदावर होता, प्रेमगीतंही त्याची आणि चार आवाजांतला अख्खा मासही (चर्चच्या मुख्य उपासनेचं संगीत) त्याचाच. पोप जॉन बाविसाव्याने 1324-25 च्या सुमारास चर्चमधल्या असल्या गाण्याविरुद्ध फर्मान काढलं, तरी पुढच्या शतकात दुफाई या संगीतकाराने स्वतःच्याच प्रेमगीताचा टेनर घेऊन मास रचला. आपल्याकडे नाट्यगीताच्या चालीवर भजन बसवतात तसंच की.

लष्करकर: लेहऱ्याचं एकदम पटलं. आज रात्री हेडफोन लावून फक्त टेनर ऐकतो.