आरएस-४८५ : दोन कॅमेरे ऐकतात पण थांबत नाहीत, तिसरा हलतच नाही

प्रश्न
तीन पीटीझेड (दुरून फिरवता आणि झूम करता येणारे) कॅमेरे बसवले आहेत. संगणकाला यूएसबी ते आरएस-४८५ (ए आणि बी या दोन तारांवरून संदेश नेणारी पद्धत) कन्व्हर्टर, तिथून वायर जंक्शन बॉक्समध्ये, आणि बॉक्समधून तिन्ही कॅमेऱ्यांना तीन वेगळ्या वायरी. प्रोटोकॉल पेल्को-डी (कॅमेऱ्याला हुकूम देण्याची ठरलेली भाषा), बॉड रेट म्हणजे संदेशाचा वेग २४००, दोन्हीकडे सारखाच. चित्र तिन्हींचं येतं. पहिला आणि दुसरा हलतात, पण बटण सोडलं तरी कधी कधी फिरतच राहतात. तिसरा वीज दिल्यावर स्वतःची एक फेरी मारतो, तेवढंच. त्याच्या ए-बी तारा अदलाबदल करून पाहिल्या, कॅमेराही बदलला. कालची अख्खी रात्र यात गेली.

उत्तर १
तिसऱ्याच्या पत्त्यासाठी (संदेश कोणत्या कॅमेऱ्याला हे ठरवणारा क्रमांक) कोणता डिप स्विच, म्हणजे कॅमेऱ्यावरचं छोटं बटण, वर केलाय?

प्रश्नकर्ता
पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला तिसरा.

उत्तर १
मग त्याचा पत्ता ४ झालाय. हे स्विच बायनरीत मोजतात: १, २, ४, ८. पहिले दोन योगायोगाने बरोबर आले, म्हणून शंका आली नाही. ३ हवा असेल तर पहिला आणि दुसरा दोन्ही वर करा. नंतर कॅमेऱ्याची वीज बंद करून पुन्हा द्या. बरेच कॅमेरे स्विच फक्त चालू होताना वाचतात. आणि ए-बी तारा पूर्ववत करा.

उत्तर २
फिरत राहण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते सोडू नका. पेल्को-डीमध्ये ‘फिर’ हा एक संदेश आणि ‘थांब’ हा दुसरा. पहिल्या कॅमेऱ्याला उजवीकडे वळवायला (सोळा-आधारी आकड्यांत) एफएफ ०१ ०० ०२ २० ०० २३ जातं, थांबवायला एफएफ ०१ ०० ०० ०० ०० ०१. शेवटची बाइट म्हणजे मधल्या पाचांची बेरीज. वाटेत एक बिट जरी बिघडला तरी बेरीज जुळत नाही आणि कॅमेरा अख्खा संदेश टाकून देतो. ‘थांब’ असा हरवला की तो फिरत राहणारच. सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका, दोष वायरिंगमध्ये आहे.

आरएस-४८५ ला एका ठिकाणाहून चांदणीसारख्या फुटणाऱ्या फांद्या चालत नाहीत. प्रत्येक फांदीच्या टोकाहून सिग्नल परत उसळतो. २४०० ला छोट्या फांद्या खपून जातात, त्यामुळे मला टर्मिनेटरचा (सिग्नल परत उसळू नये म्हणून वायरच्या टोकाला ए-बीमध्ये लावायचा रोध) जास्त संशय येतोय. सगळ्यांची वीज बंद करा, कन्व्हर्टर संगणकापासून काढा आणि ए-बीमध्ये मल्टीमीटरने ओहम मोजा. साधारण ६० यायला हवेत, म्हणजे दोन टोकांना १२०-१२० चे दोनच.

प्रश्नकर्ता
३० आले!

उत्तर २
म्हणजे चार टर्मिनेटर चालू आहेत: तीन कॅमेऱ्यांचे आणि एक कन्व्हर्टरमधला. एवढ्या भाराखाली ए-बीमधला व्होल्टेज दबतो आणि संदेश गळतात. वायर कन्व्हर्टरपासून पहिल्या कॅमेऱ्याला, त्यातून दुसऱ्याला, त्यातून तिसऱ्याला अशी न्या. टर्मिनेटर कन्व्हर्टरचा आणि तिसऱ्या कॅमेऱ्याचा ठेवा, मधल्या दोघांचे बंद करा. पिळलेली जोडीच वापरा, आणि सगळ्यांचा ग्राउंड एका तारेने जोडा.

प्रश्नकर्ता
पत्ता बदलला, तिसरा लगेच हलला. वायर नव्याने ओढायला दोन दिवस लागले. आता मीटर ६१ दाखवतो. आज सकाळपासून तिन्ही शंभरेक वेळा फिरवून थांबवले, प्रत्येक वेळी बटण सोडताच थांबले. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.