चीनचा एक शेजारी जवळून बघायचाय: व्हिएतनाम, श्रीलंका की नेपाळ? (बजेट ७० हजार)

सुपारीबाग
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. बारावीच्या वर्गात चीनचा विषय निघाला की मुलं दोनच गोष्टी बोलतात, गलवान आणि मोबाइल. चीन मोठा होत गेला तशी आजूबाजूच्या लहान देशांतली माणसं कुठे वाकली, कुठे अडून बसली, हे मी वाचून सांगते. स्वतः बघितलेलं मात्र काहीच नाही. दिवाळीच्या सुट्टीत नऊ दिवस मोकळे आहेत. एकटी जाणार, पूर्ण शाकाहारी. सगळं धरून ७० हजार, त्यापुढे एक रुपया नाही. खरेदी आणि समुद्रकिनारे नकोत. कुठे जाऊ?

भटका_नाना
व्हिएतनाम, दुसरा विचारच करू नका. मी दोनदा जाऊन आलोय. हनोईत नुसत्या रस्त्यांच्या पाट्या वाचत फिरलात तरी तुमचा अर्धा धडा होईल. हाय बा चुंग रस्ता, न्गो क्वेन रस्ता, चान हुंग दाओ रस्ता. हाय बा चुंग म्हणजे चुंग नावाच्या दोघी बहिणी, इसवी सन ४० मध्ये चीनच्या हान साम्राज्याविरुद्ध उठलेल्या. न्गो क्वेनने ९३८ मध्ये बाक डांग नदीत चिनी आरमार बुडवलं. चान हुंग दाओने चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल कुब्लाई खानाच्या फौजा परतवल्या. गावाच्या मधोमध होआन कीम तळं आहे. चीनच्या मिंग फौजांना हाकलल्यावर राजा ले लोइने आपली तलवार तिथल्या कासवाला परत दिली, अशी कथा. आपल्याकडे भवानी तलवारीचं नाव निघालं की जसं ऊर भरून येतं, तसंच तिथल्या माणसाचं होतं. खर्च दोघांचा १ लाख ९० हजार झाला होता.

मीरा_सिंगापूर
नानांना अनुमोदन, पण चित्र अर्धंच आलंय. त्याच हनोईत वान मिएउ आहे, १०७० साली बांधलेलं कन्फ्यूशियसचं मंदिर, आणि परीक्षेआधी मुलं तिथे नमस्कार करायला जातात. चीनशी हजार वर्षं झगडले आणि अक्षर, परीक्षा, पूर्वजपूजा चीनकडूनच घेतली. आजही त्यांचा सगळ्यात मोठा व्यापार चीनशीच आहे. १९७९ चं चीनशी युद्ध, १९८८ मध्ये दक्षिण चिनी समुद्रातल्या स्प्रॅटली बेटांजवळ चीनकडून मारले गेलेले ६४ सैनिक, २०१४ मध्ये व्हिएतनाम आपला म्हणतो त्या समुद्रात चीनने आणून उभा केलेला तेलविहिरीचा मनोरा, यातलं काही विसरलेले नाहीत. तरी सरकारचे चार नकार ठरलेले आहेत: लष्करी युती नाही, एकाची बाजू घेऊन दुसऱ्याविरुद्ध जाणं नाही, परक्यांना तळ नाही, बळाचा वापर किंवा धमकी नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बायडन आले, डिसेंबरमध्ये शी जिनपिंग. दोघांचं स्वागत त्याच इतमामाने झालं. मुलांना हे शिकवा, नुसत्या तलवारी नकोत.

शाकाहाराचं सांगते. हॉटेलच्या पाटीवर 'चाय' असं लिहिलेलं शोधा, म्हणजे शाकाहारी. पौर्णिमेला आणि अमावास्येला तर सहज मिळतं.

टोकियोकर
जपान का नाही? आम्ही गेल्या वर्षी गेलो होतो. चीनची धास्ती काय असते ते तिथे कळतं. योनागुनी बेट तैवानपासून साधारण ११० किलोमीटरवर, २०१६ पासून तिथे सैन्याचा तळ आहे. संरक्षणावर एकूण उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपासच खर्च करायचा हा जपानचा अनेक दशकांचा शिरस्ता, आता दोन टक्क्यांकडे निघालेत. आम्हाला दोघांना पावणेचार लाख लागले, पण एकेक पैसा वसूल. शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचा पास आधीच काढा.

हिशेबनीस
टोकियोकर, बाईंनी ७० हजार लिहिलंय. प्रश्न परत वाचा.

दक्षिणवारा
श्रीलंका! पण माझ्यासारखं करू नका. मी एका टूर कंपनीला चीनच्या कर्जातून झालेलं हंबनटोटा बंदर दाखवायला सांगून आगाऊ पैसे भरले. प्रत्यक्षात गाले, चहाचे मळे, मसाल्याची बाग असं फिरवून कोलंबोला आणून सोडलं. पैसे परत मिळाले नाहीत. नंतर स्वतः रेल्वेने बेलिअट्टापर्यंत आणि पुढे बसने गेलो. मातारा ते बेलिअट्टा ही रेल्वेसुद्धा चिनी कंपनीने बांधलेली, २०१९ ची. बंदराच्या दारातून मला परत पाठवलं. ज्या बंदरापायी चीनने देश गिळला म्हणतात, ते बाहेरून बघून परत आलो.

हिशेबनीस
'गिळला' हे दुरुस्त करतो, कारण हेच मुलांपर्यंत जातं. हंबनटोटा २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं, १.१२ अब्ज डॉलरला. पण ते पैसे बंदराचं कर्ज फेडायला गेले नाहीत, श्रीलंकेने डॉलरची गंगाजळी भरायला वापरले. कर्ज तसंच राहिलं. २०२२ मध्ये देश कोसळला तेव्हा बाहेरच्या कर्जात सगळ्यात मोठा वाटा आंतरराष्ट्रीय रोख्यांचा होता, चीनचा त्याहून कमी.

दक्षिणवारा
मग ऑगस्ट २०२२ मध्ये युआन वांग ५ हे उपग्रहांचा माग ठेवणारं चिनी जहाज तिथेच कसं येऊन लागलं? भारत नको म्हणत होता. पट्टा कशासाठी घेतात, ते त्यातच आलं.

हिशेबनीस
जहाज आलं, मान्य. पण त्याच वर्षी सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत भारताने दिली, तीही घेतली. दोघांकडून घेणं हीच त्यांची रीत आहे. बीजिंगला विकले गेले, असं म्हणणं हा त्या लोकांवर अन्याय आहे.

जुनी_वही
दोघांच्या वादात एक गोष्ट राहून जातेय. कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक शिलालेख आहे, १४०९ चा. चिनी आरमारप्रमुख झेंग हे याने तो आणला होता, १९११ मध्ये गालेला मोरीवर झाकण म्हणून घातलेला सापडला. एकाच दगडावर तीन भाषा: चिनीत बुद्धाची स्तुती, तमिळमध्ये विष्णूची, फारसीत अल्लाची, आणि तिघांना जवळपास सारखीच दानं. एकदोन वर्षांनी त्याच झेंग हेने तिथल्या राज्यकर्त्याला पकडून चीनला नेलं. मी त्या दगडासमोर तासभर उभी होते. वर्गात सांगायला याहून चांगली वस्तू मला माहीत नाही.

बुलेटवाला_७७
परदेशच का? भारतही चीनचा शेजारीच ना? लडाखला जा, चुशूलजवळ १९६२ च्या चीन युद्धाचं रेझांग ला स्मारक बघा. मी पुण्याहून बुलेटवर गेलोय, तीन हजार किलोमीटरच्या वर, एकदाही गाडी बंद पडली नाही. आणि चिनी वस्तू वापरणं बंद करा आधी.

हिशेबनीस
२०२३-२४ मध्ये आपण चीनकडून १०० अब्ज डॉलरहून जास्त माल घेतला. औषधांचा कच्चा मालही त्यातच. आपणही त्याच बोटीत आहोत, हे मुलांना कळायला हवं.

भटका_नाना
विषय भरकटतोय. मी परत सांगतो, व्हिएतनाम. मुंबईहून थेट विमान आहे, ई-व्हिसा २५ डॉलर.

प्रवासी_पाखरू
मीही व्हिएतनामच म्हणेन. नानांनी सगळं लिहिलंच आहे. तळं जरूर बघा.

मीरा_सिंगापूर
एक लाओसही सुचवते. चीनच्या सीमेवरचं बोटेन ते राजधानी व्हिएन्तिआन ही चीनच्या मदतीने बांधलेली रेल्वे, ३ डिसेंबर २०२१ ला सुरू झाली, खर्च सुमारे ६ अब्ज डॉलर. लुआंग प्रबांगहून राजधानीला जायला दिवस मोडायचा, आता दोनेक तासांत पोचतो. स्टेशनवर पाट्या लाओ आणि चिनी लिपीत. माझ्या शेजारी बसलेली बाई टोपल्या घेऊन बाजाराला निघाली होती, गाडीवर खूश होती. तिच्या देशावर त्या गाडीपायी केवढं कर्ज झालंय, ते तिच्या बोलण्यात कुठेच नव्हतं.

सुपारीबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी_वही, तुमचा शिलालेख पुढच्याच तासाला वर्गात सांगणार. मीराताईंचे चार नकार फळ्यावर लिहिणार.

पण मी नेपाळला जायचं ठरवलंय. इथे कुणीच त्याचं नाव घेतलं नाही, तरीही. माझ्या वर्गात एक नेपाळी मुलगा आहे, आईवडील आंब्याच्या बागेत राखणीला असतात. तुमचे प्रतिसाद वाचून काल त्याच्या आईशी बोलले. २०१५ मध्ये भारताच्या सीमेवर नाकाबंदी झाली तेव्हा त्या गावी होत्या. सिलिंडर मिळेना, हा मुलगा सहा-सात वर्षांचा, ऐन थंडीत ओल्या लाकडांवर स्वयंपाक. मी विचारलं होतं चीनबद्दल, त्या अर्धा तास भारताबद्दल बोलल्या. नंतर मार्च २०१६ मध्ये काठमांडूने चीनशी वाहतुकीचा करार केला, हे मी दरवर्षी शिकवते. त्या करारामागची चूल मला काल दिसली. हनोईत मी पाट्या वाचेन, संग्रहालयं बघेन. नेपाळमध्ये हिंदीत माणसांशी बोलता येईल, आणि मला तेच हवंय.

पोखऱ्याचा विमानतळ बघायचाय. चिनी बँकेचं २१ कोटी डॉलरहून जास्त कर्ज, १ जानेवारी २०२३ ला उद्घाटन, आणि बाहेरदेशची नियमित विमानं जवळपास नाहीतच. मुलाचा मामा तिथे गाडी चालवतो, तो फिरवेल. मग काठमांडू. रसुवागढीचा चीनकडे जाणारा पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला, त्यामुळे तिथवर जायचं की नाही ते मामांना विचारून ठरवेन.

भटका_नाना
चूक करताय. नेपाळ केव्हाही होतं.

टोकियोकर
निदान विमानाने तरी जा.

गोरखपूर_लाइन
मी या वाटेने चारदा गेलोय. मुंबईहून गोरखपूर रेल्वे, तिथून सोनौलीला बस, सीमा पायी ओलांडायची, पलीकडून पोखऱ्याची बस. ७० हजारांत आरामात बसेल, उरतीलही. व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत जवळ ठेवा. आधार कार्डावर विसंबू नका, माझ्या मेहुण्याला त्यापायी परत फिरावं लागलं होतं. आणि आपल्या दिवाळीतच त्यांचा तिहार असतो. भाऊबीजेच्या आसपास बसमध्ये उभं राहायलाही जागा नसते, तेव्हा त्या दोन दिवसांत प्रवास ठेवू नका, पोखऱ्यातच राहा.