मुलांना पाककृतींचं पुस्तक द्यावं, की सरळ परातीपुढं बसवावं?

होटगीरोडकर

माझी मुलगी दहा वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याच्या आत्यानं तिला केक-कुकीजचं एक इंग्रजी पुस्तक पाठवलं. मुलांसाठीचं, जाड पानांचं, प्रत्येक पायरीला चित्र. तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत, म्हणून इथं मांडतोय.

पहिला प्रयोग. पुस्तकात लिहिलं होतं, लोणी आणि साखर 'क्रीम' करा, म्हणजे एकत्र फेटून हलकं करा. पोरीनं फ्रिज उघडला, आजीनं तुपासाठी साठवलेली चार दिवसांची साय काढली आणि लोण्यात ओतली. लोणी म्हणे 'खोलीच्या तापमानाला' आलेलं हवं. लिहिणाऱ्याची खोली वीस अंशांची असणार. सोलापुरात मेमध्ये दुपारी दोन वाजता लोणी ताटलीत तेलासारखं पसरलं होतं. जे तयार झालं त्याला आम्ही सगळे केक म्हणालो, कारण ती दारात उभी राहून आमच्या तोंडाकडं बघत होती.

माझ्या आईचं म्हणणं, पुस्तक वाचून कोण स्वयंपाक शिकलंय? माझ्याजवळ बस म्हणावं. माझं मत उलटं आहे. आजीजवळ बसली की हिला कोथिंबीर निवडायला मिळते, लसूण सोलायला मिळतो, आणि 'सरक, भाजेल' ऐकायला मिळतं. पुस्तक तिच्याशी बोललं. तू कर म्हणालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, तिनं स्वतःहून परत लोणी काढलं.

अडचण एवढीच की मराठीत असं काही सापडत नाही. 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं घराघरात पोचलं, ते मोठंच काम. पण आपली पुस्तकं लग्न झालेल्या किंवा ठरलेल्या मुलीला समोर धरून लिहिलेली. त्यात 'फोडणी करून घ्या' असे तीन शब्द असतात. दहा वर्षांच्या पोराला त्या तीन शब्दांत काय काय दडलंय ते कोण सांगणार? तेल तापलंय हे कशावरून ओळखायचं, मोहरी तडतडली की गॅस बारीक का करायचा, हळद शेवटी का, झाकण कुठल्या हातात धरायचं.

मुलांसाठी मराठीत, आपल्या ओट्यावर चालेल असं पुस्तक हवं. पटतंय का?

मंगळवेढ्याची माय

पोरगी गुणाची आहे तुमची. पण नाही पटत.

मी सात वर्षांची असेन. आईनं लिंबाएवढा उंडा हातात दिला, म्हणाली बाहुलीची भाकरी कर. पहिल्या दिवशी कडेनं चिरली. का चिरली ते आईनं सांगितलं नाही. माझ्या हातावर हात ठेवला आणि परातीत फिरवला. तळव्यानं दाब किती, बोटांनी कड कशी सावरायची, भाकरी परातीत आपोआप फिरायला लागली की समजायचं जमलं. हे कुठल्या पानावर छापणार?

आणि पिठाची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद? दळून महिना झालेलं पीठ असलं की कितीही मळा, भाकरी फाटतेच. विरी गेलेलं पीठ हाताला कळतं. आमच्याकडची मालदांडी ज्वारी असली तरी. पुस्तकात वाचून कळायचं नाही ते.

केकचं काय, मापं टाकली की यंत्र भाजतं. भाकरीला माणूस लागतं.

रातांधळा

यंत्र नसलं तरी केक होतो मावशी. मागच्या रविवारी आम्ही कुकरमध्ये तळाशी मीठ घालून केला. चिरंजीवांनी शिट्टी आठवणीनं काढली. झाकणाचं रबर राहिलं. अजून वरणाला टायरचा वास येतोय.

पाववाला

रातांधळे, रिकामा कुकर तापवूच नका. बहुतेक कुकरवाले स्वतःच नको म्हणतात. जाड बुडाची कढई घ्या, आत स्टँड, वर घट्ट झाकण, दहा मिनिटं आधी तापवा.

आता मूळ मुद्दा. भट्टी आमची, तिसरी पिढी. मावशींनी म्हटलं यंत्र भाजतं, त्यावर हसू आलं. ओ मावशी, एकदा पहाटे येऊन बघा. उन्हाळ्यात पावाचं पीठ तासाभरात फुगून परातीबाहेर येतं, थंडीत तेच दोन-अडीच तास बसून राहतं. तिथंही हातच लागतो.

पण पुस्तकांवर माझा राग वेगळा आहे. कपाचं माप. एक कप मैदा म्हणजे किती? चाळून अलगद भरला तर १२० ग्रॅम, डब्यात कप खुपसून दाबून काढला तर १५०. पोरगं तेच पुस्तक, तोच कप घेऊन दोनदा करतं आणि दोनदा वेगळं होतं. मग म्हणतं मला जमत नाही. जमतंय की बाळा, माप चुकतंय. मुलांच्या पुस्तकाबरोबर पहिल्यांदा एक वजनकाटा द्या. चार-पाचशेत येतो.

आणि सुरुवात केकनं कशाला? नानकटाईनं करा. अंडं नाही, फेटणं नाही. वजनावर दोन भाग मैदा, एक भाग तूप, एक भाग पिठीसाखर, चिमूट सोडा, वेलची. दिवाळीत बायका आमच्याकडं ट्रे घेऊन भाजायला येतात, त्यातल्या निम्म्यांच्या पसरून पापड होतात. कारण एकच, तूप पातळ करून घातलेलं. गोळे करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले तर मेमध्येसुद्धा उभ्या राहतात. गोळे थंड करा असं विलायती पुस्तकंही सांगतात, पण आपला मे त्यांच्या हिशेबात नसतो.

होटगीरोडकर

पाववाले, हेच तर म्हणतोय मी! तुमची ही दहा वाक्यं म्हणजे पुस्तकाचं एक पान झालं.

अंड्याचं बरं काढलंत. आमच्या घरात अंड्याचं भांडं वेगळं, बाल्कनीत ठेवलेलं. इंग्रजी पुस्तकाच्या पहिल्याच पाककृतीत तीन अंडी. पोरगी बिचारी बाल्कनीत बसून फेटत होती.

मावशी, विरीबद्दल. मुलीनं मागं आईला विचारलं होतं, पोळीला साधं पाणी आणि भाकरीला उकळतं का? आई म्हणाली, तशीच पद्धत आहे. संपलं. आता कारण साधं आहे. गव्हात ग्लुटेन असतं, मळलं की ते ताणलं जातं, धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही. मग उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगवून चिकट करायचा, त्या चिकटपणावर भाकरी उभी. हे सांगायला दोन ओळी पुरतात. हाताला कळतं ते खरंच, पण हाताला काय कळतंय हे डोक्याला कळलं तर बिघडतं कुठं?

मंगळवेढ्याची माय

बिघडत काही नाही. पण तुमच्या आईला ग्लुटेन ठाऊक नव्हतं म्हणून तिच्या भाकऱ्या फाटल्या का कधी?

काटकोन

मी शाळेत गणित शिकवते, सहावी-सातवी. स्वयंपाकाशी माझा संबंध खाण्यापुरता, पण या वादात एक गोष्ट सुटतेय.

पाऊण कपाचा निम्मा किती, असं फळ्यावर लिहिलं तर वर्गात शांतता. मुलांना अपूर्णांक म्हणजे एकावर एक बसवलेले दोन आकडे वाटतात. एका वर्षी मी एका मुलांच्या पुस्तकातली शिऱ्याची कृती वर्गात नेली आणि सांगितलं, ही सहा जणांची आहे, तुमच्या घरी तिघं आहेत, लिहून आणा. पाऊण कपाचा निम्मा म्हणजे सहा मोठे चमचे, हे एका पोरानं घरी चमच्यानं रवा मोजून शोधून काढलं. कपात सोळा चमचे मावतात हे मी सांगितलं नव्हतं.

आपल्या भाषेत तर पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही सगळी मापं बोलण्यातच आहेत. आजी 'अंदाजानं' म्हणते तेव्हा तिच्या अंदाजात पन्नास वर्षं असतात, मुलाच्या अंदाजात काहीच नसतं. म्हणून मी पुस्तकाच्या बाजूनं.

घरकुल२१

वाचतेय मघापासून. सगळ्यांचं गोड चाललंय, मी थोडं कडू बोलते.

मी नवव्या वर्षी स्टोव्हवर भात टाकायचे. कुणी प्रेरणा दिली नव्हती. आईला दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या असायच्या, पानं भिजवण्यापासून बंडल बांधेपर्यंत. कारखान्यात माल दाखवायला जायचं, त्यातून चेकर चार नापास करणार. मग स्वयंपाक कोण करणार? मोठी पोरगी. धाकटा भाऊ ओटीवर गोट्या खेळायचा. भात करपला की मला बोलणी, त्याला दुसरा भात.

तेव्हा 'मुलांना स्वयंपाकाची गोडी लावणारी पुस्तकं' हे ऐकलं की मला पहिला प्रश्न पडतो, कुठल्या मुलांना? ज्यांना करावंच लागतं त्यांना गोडी लावायची गरज नाही. मावशी, तुमच्या आईनं हातावर हात ठेवला, तुमचं नशीब. आमच्या आईचे हात रिकामे नसायचे.

आता दुसरी बाजू. माझा मुलगा अकरा वर्षांचा. त्याच्या शाळेच्या वाचनालयातून त्यानं असलंच एक पुस्तक आणलं. मुखपृष्ठावर टोपी घातलेला मुलगा, हातात लाटणं. त्या एका चित्रामुळं त्यानं ते उचललं. मी सतरा वेळा सांगून जे झालं नसतं ते त्या चित्रानं केलं. पहिल्यांदा पोहे केले. मीठ दोनदा पडलं. सासूबाई म्हणाल्या, किती कौतुकाचं गं पोर! मला हसावं की रडावं कळेना. नऊ वर्षांच्या मला असं कुणी म्हणालं नव्हतं.

तर पुस्तक हवं, पण मुलाच्या हातात आधी.

काटकोन

घरकुलताई, यावरून आठवलं. अमेरिकेत १९५७ साली बेटी क्रॉकरच्या नावानं मुलांसाठी पाककृतींचं पुस्तक निघालं, तिकडं ते फार गाजलं. त्याच्या नावातच 'मुलगे आणि मुली' दोन्ही आहेत, आणि मुलगे आधी. पाककृती छापण्याआधी मुलांकडून घरी करून घेतल्या होत्या. गंमत म्हणजे बेटी क्रॉकर नावाची बाई कधी नव्हतीच. गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तर द्यायला एका पिठाच्या कंपनीनं १९२१ मध्ये ते नाव तयार केलं.

म्हणजे शेवटी पीठ विकायचंच होतं, हेही खरं.

रातांधळा

आपल्याकडंही कुणीतरी काढा मग. चटणीवाल्यांनी काढावं. 'शेंगा चटणी: वयोगट आठ ते बारा.' पान एक, उखळात तेल सुटेपर्यंत कुटा. पान दोन, अजून कुटा. पान तीन, आईला बोलवा.

मंगळवेढ्याची माय

रातांध्या, तेल सुटेपर्यंत हे बरोबर लिहिलंस. मिक्सरला लावून भुकटी करतात आणि वरून तेल ओततात, त्याला काय चटणी म्हणायची?

घरकुलच्या पोरी, तुझं वाचून गप्प बसले होते. आमच्यात माझ्या तीन भावांपैकी एकालाही भाकरी येत नाही, हे आज पहिल्यांदा मोजलं. आईनं उंडा मलाच दिला. त्यांना का दिला नाही हे मीही कधी विचारलं नाही. तेवढ्यापुरतं तुमचं पुस्तक मान्य. पुस्तक बघून मुलगा की मुलगी ते विचारत नाही.

भाकरीचं मात्र मान्य नाही. होटगीरोडकर, पोरीला रविवारी तुमच्या आईपुढं बसवा. कोथिंबीर निवडायला नको, पीठ द्या हातात. सांडेल, सांडू द्या. आईला माझ्याकडून सांगा.

होटगीरोडकर

बसवली. आईला तुमचा निरोप वाचून दाखवला, 'कोण ही बाई?' म्हणाली, पण परात पुढं सरकवली.

चार भाकऱ्या झाल्या. पहिली नकाशासारखी. तिसरी तव्यावर टाकताना मधून दुमडली. चौथी फुगली, पुरती नाही, एका अंगानं. पोरीनं त्या वाफेत बोट घातलं, भाजलं, आणि तरी हसत होती. आई तिला काहीच समजावून सांगत नव्हती, नुसती 'असं, असं' म्हणत होती. तेवढ्यापुरते तुम्ही जिंकलात.

पण नंतर पोरगी वही घेऊन बसली. तिनं लिहिलेलं जसंच्या तसं देतोय:

'पीठ दोन वाट्या. ताजं आहे का ते आजीला विचारा. विरी गेली असेल तर थालीपीठ करा. पाणी एवढं गरम की बोट घातलं की लगेच काढावंसं वाटेल. मळताना तळहाताच्या मागच्या भागानं ढकला. थापताना खाली पीठ टाकायला विसरू नका, मी विसरले. पाणी लावलेली बाजू वर. पाणी सुकायच्या आत उलटा.'

मंगळवेढ्याची माय

बोट घालायचं खोडायला सांगा. एक तर पोर भाजेल, दुसरं म्हणजे तेवढ्या कोमट पाण्यानं काही होत नाही. खळखळ उकळी हवी. पाणी ओतलं की आधी उलथन्यानं कालवायचं, मग हात. आणि दोन वाट्यांना पाणी किती ते लिहिलंच नाही तिनं. वाटीला वाटी घे म्हणावं, थोडं मागं ठेवून.

पाववाला

वाटी कुठली पण? ग्रॅममध्ये सांगा मावशी.